दोष काढायला पैसे लागत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पानावर बहुतेक पत्रं रस्ते, पाणी, लोकल आणि पालिकेबद्दल असतात आणि ती असायलाच हवीत, पण आज मला जरा वेगळ्या विषयावर लिहायचंय. मी कॅथलिक ख्रिस्ती, मूळचा वसईचा, आता बोरिवलीला राहतो. आमच्या धर्मातली एक शिकवण ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही माहीत असते, की दुसऱ्याचे दोष काढत बसू नका आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा. मुसळ आणि कुसळ तर मराठी माणसाला वेगळं समजवायलाच नको. पण ही शिकवण आपण फार स्वस्तात घेतलीय असं मला हल्ली सारखं वाटतं, आणि हे मी आधी आम्हा ख्रिस्ती लोकांनाच म्हणतोय, बाकीच्यांना नंतर.

आमच्याकडे उपवासकाळात याच विषयावर प्रवचन होतं, फादर चांगलं बोलतात, सगळे माना डोलावतात, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपून लोकं बाहेर आवारात आली की पाच मिनिटांत सुरू होतं, अमक्याची मुलगी कुणाबरोबर फिरते, तमक्याचा मुलगा परत पिऊन आला होता, ती बघ कशी कम्युनियनला (पवित्र भाकर घ्यायला) पुढे गेली. एकाच तोंडाने आत्ताच प्रभूची प्रार्थना म्हटलेली असते, 'जशी आम्ही क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर'. मला याचा खरंच त्रास होतो.

आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे, नाव आणि पॅरिश (म्हणजे तिच्या भागातलं चर्च) काही देत नाही. नवऱ्याचा मार बरेच दिवस खाल्ला आणि शेवटी लेकराला घेऊन आईकडे परत आली. आता आमच्या चर्चमध्ये घटस्फोट मानत नाहीत हे खरं आहे, लग्न मुळातच वैध नव्हतं असं चर्चच्या न्यायालयाने ठरवलं तरच ते रद्द होतं. पण जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर वेगळं राहायची मुभा चर्चच्या कायद्यातच स्पष्ट दिलेली आहे, आणि वेगळी राहणारी किंवा कोर्टातून घटस्फोट मिळालेली व्यक्ती दुसरं लग्न न करता राहत असेल तर केवळ त्या कारणाने तिला कम्युनियन नाकारता येत नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नसते. तिच्या बाबतीत काय झालं तर 'थोडं सोसायला हवं होतं', 'आईनेच लाडावून ठेवलंय', 'पोराचा तरी विचार करायचा'. नवरा मात्र दुसऱ्या पॅरिशमध्ये आरामात पुढच्या बाकावर बसतो, त्याला कुणी काही विचारलेलं मी ऐकलं नाही. मुलगी आता आमच्याकडे मिस्सेला येत नाही. बुधवारी माहीमला जाते, सेंट मायकेल चर्चला नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला. १९४८ पासून तिथे ही बुधवारची नोव्हेना चालू आहे आणि हिंदू, मुसलमान, पारशी सगळे येतात, कुणी मेणाचं घर वाहतो कुणी मेणाचा हात. ती म्हणते तिकडे बरं वाटतं काका, कोण कुणाची बायको ते कुणी विचारत नाही. स्वतःच्या घराजवळचं चर्च सोडून एका मुलीला देवासाठी ट्रेनने माहीमला जावं लागतं याची आम्हा सगळ्यांना लाज वाटली पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात ती गोष्ट आहे, व्यभिचारात पकडलेल्या बाईची. सगळ्यांना त्यातलं एकच वाक्य पाठ असतं, ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा. पण गोष्ट नीट वाचा. त्या बाईला 'रंगेहाथ' पकडलं म्हणून आणलंय, मग तो पुरुष कुठे गेला? मोशेच्या नियमशास्त्रात अशा वेळी दोघांनाही शिक्षा सांगितलेली आहे, लेवीयच्या पुस्तकात विसाव्या अध्यायात आहे बघा, पण आणलं फक्त बाईला. म्हणजे नियमाच्या नावाने आलेल्यांनी नियमसुद्धा अर्धाच आणला होता. येशू खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहीत बसतो, काय लिहिलं ते कुठेच सांगितलेलं नाही. आणि मग लोकं एकेक करून निघून जातात, सगळ्यात आधी वयाने मोठी माणसं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आमच्याकडे उलट आहे, वयाने मोठी माणसंच दगड खाली ठेवायला तयार नसतात. आणि सगळे गेल्यावर येशू तिला सांगतो मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, आणि यापुढे पाप करू नकोस. आधी तिचा जीव वाचवला, मग हे सांगितलं. आपण थेट 'पाप करू नकोस'वरच उडी मारतो आणि आधी जीव वाचवायचं राहूनच जातं.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. दोष काढायला काही पैसे लागत नाहीत, वेळही लागत नाही, लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापासून खाली येईपर्यंत एखाद्याचा निकाल लावून होतो. प्रेमाला खर्च येतो. आणि मला वाटतं आपण दोष काढतो तो बऱ्याचदा हा खर्च टाळायला काढतो, कारण एकदा 'त्याची चूक आहे' म्हटलं की मग आपल्याला काहीच करावं लागत नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट याच नजरेने वाचा. लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. एक माणूस यरुशलेमहून यरीहोला खाली चाललाय. 'खाली' खरोखरच खाली, यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली, मधे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा ओसाड डोंगराळ रस्ता, लुटारूंना लपायला सोयीचा. त्याला लुटलं, मारलं, अर्धमेला करून टाकलं. येशू कुठेही सांगत नाही की हा माणूस कोण होता, कुठल्या जातीचा, चांगला की वाईट, अशा रस्त्याने एकटा कशाला गेला होता. फक्त 'एक माणूस'. आपण असतो तर पहिला प्रश्न तोच विचारला असता. लोकलमधून कुणी पडला की डब्यात पहिलं वाक्य काय येतं, 'दारात लटकायला कुणी सांगितलं होतं'. ज्याने कधी विरारची सकाळची गाडी पकडलीय त्याला माहीत आहे की दारात कुणी हौसेने उभं राहत नाही, पण तरी ते वाक्य येतंच, कारण ते वाक्य बोलून झालं की आपण परत मोबाईलमध्ये बघायला मोकळे.

तर तिथून आधी एक याजक (मंदिरातला पुरोहित) गेला, मग लेवी (मंदिराचा सेवक) गेला, दोघेही बघून पलीकडून गेले. कदाचित त्यांना वाटलं असेल मेलेला आहे, शिवलं तर विटाळ होईल, याजकाला प्रेताला शिवायची मनाई होतीच. म्हणजे ते अगदी दुष्ट होते असंही नाही, त्यांच्याकडे कारण होतं. मग शोमरोनी आला. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात तेव्हा व्यवहारच नव्हता, शेकडो वर्षांचं वैर होतं, गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी राज्यकर्त्यानेच पाडलं होतं. म्हणजे त्याच्याकडे न थांबायला याजकापेक्षा मोठं कारण होतं. तो थांबला. आणि पुढे येशू जे सांगतो त्यात भावना फक्त एका शब्दात आहे, कळवळा आला, बाकी सगळा खर्चाचा हिशोब आहे. तेल आणि द्राक्षारस जखमांवर ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं म्हणजे स्वतः पायी चालला, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, सकाळी मालकाला दोन दीनार दिले आणि वर म्हणाला जास्त लागले तर परत येताना देतो. एक दीनार म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांची मजुरी आणि वर कोरा चेक, एका अशा माणसासाठी जो शुद्धीवर आल्यावर कदाचित त्याच्या हातचं पाणी प्यायला नसता.

आपल्या देशाच्या कायद्यातही आता 'गुड समॅरिटन' हा शब्द आहे, हे बऱ्याच वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मार्गदर्शक नियमांना मान्यता दिली आणि मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. रस्त्यावर अपघातात जखमी झालेल्याला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याने स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. म्हणजे पोलिसांचं लफडं मागे लागेल ही भीती कायद्याने काढली. आता न थांबायचं कारण उरलं तर ते आपल्या आतलं आहे.

महाराष्ट्रात हा खर्च कुणी केला असेल तर पंडिता रमाबाईंनी. त्या आमच्या पंथाच्या नव्हत्या, त्याने काही फरक पडत नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तरुण विधवा, बरोबर लहान मुलगी मनोरमा. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात त्यांना सिस्टर लोकांनी एक घर दाखवलं जिथे समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना ठेवून घेत होते, प्रेमाने वागवत होते. असं काम त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं तुम्ही हे का करता, तेव्हा उत्तर म्हणून सिस्टरने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट, जिचे पाच नवरे झाले होते आणि आता ज्याच्याबरोबर राहत होती तो तिचा नवरा नव्हता, आणि तिच्याकडे येशूने प्यायला पाणी मागितलं. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की या गोष्टीने त्या हलल्या. मग १८८९ मध्ये इथे मुंबईत चौपाटीवर त्यांनी शारदा सदन काढलं, तिथे शिकलेल्या पहिल्या विधवांमध्ये गोदूबाई होत्या ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली आणि विधवा घेऊन आल्या, केडगावला 'मुक्ती' हे आश्रयस्थान उभं केलं, आणि तिथेच कृपासदन काढलं अशा बायकांसाठी ज्यांच्याशी कुणी बोलायलाही तयार नव्हतं. त्यांच्यावर टीका करणारे किती होते हे इतिहास वाचणाऱ्याला माहीत आहे. टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांनी एकेका मुलीला घरी नेलं असेल हा विचार माझ्या मनात येतो.

आता माझ्या पत्रावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे, मग काय चोराला चोर म्हणायचंच नाही का? म्हणायचं. येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले, परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, चुना फासलेली थडगी म्हटलं. वाईटाला वाईट म्हणणं वेगळं आणि एका माणसाचा कायमचा निकाल लावून त्याला टाकून देणं वेगळं. आणि इथे मला अजून एक गोष्ट ठासून सांगायचीय, कारण 'दोष काढू नका' हे वाक्य उलट्या बाजूनेही वापरलं जातं. एखाद्या लहान मुलावर अत्याचार झाला, करणारा घरातला मोठा माणूस किंवा शिक्षक किंवा धर्माच्या कामातलाच कुणी असला, की लगेच चार जण येतात, क्षमा करा, देव बघेल, आपण न्याय करणारे कोण. नाही. हे येशूचं वाक्य नाही, हे बलवान माणसाला वाचवायचं वाक्य आहे. येशू जमावासमोर एकट्या पडलेल्या बाईच्या बाजूने उभा राहिला होता, दगड हातात असलेल्यांच्या नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. त्या मुलावर प्रेम करायचं तर पोलीस स्टेशनला जावं लागतं, खर्च तोही आहे, नातेवाईक तुटतात, समाज नावं ठेवतो. तो करायचा.

पोप फ्रान्सिस जुलै २०१३ मध्ये ब्राझीलहून परत येताना विमानात पत्रकारांशी बोलले, समलैंगिक माणूस देवाला शोधत असेल आणि त्याची इच्छा चांगली असेल तर त्याचा न्याय करणारा मी कोण. जगभर गाजलं ते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवणारा सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आला तेव्हा मुंबईचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनीही म्हटलं होतं की चर्चने समलैंगिक लोकांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. शिकवण आपल्या जागी आहे, त्यांनी ती बदलली नाही. पण वरून इतकं येऊनसुद्धा खाली घराघरात काय चित्र आहे? मुलगा असं काही सांगायला लागला की आई रडून त्याला गप्प करते, कारण पॅरिशमध्ये काय सांगायचं ही भीती देवाच्या भीतीपेक्षा मोठी असते.

आम्हा ख्रिस्ती लोकांना तर हे जास्त कळायला हवं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले तेव्हा या माणसाने मराठीत आयुष्यभर काय लिहिलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी काय लढा दिला हे न बघता फक्त धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. तेव्हा वसईत घराघरात किती वाईट वाटलं होतं. न ओळखता आपला निकाल लावला की कसं लागतं ते आपण भोगलंय. आणि आपणच फ्लॅट भाड्याने देताना एकटी मुलगी नको, अमका नको तमका नको म्हणतो, लग्न जमवताना मूळचे कोण ते हळूच विचारतो. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला खाली बस सांगणाऱ्यांना सरळ झापलंय, ते आम्ही वाचतो आणि पान उलटतो.

एक शेवटचा विषय, तुरुंगाचा. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे, तिथे देव काय विचारणार त्याची यादीच दिलीय, भुकेला होतो तेव्हा खायला दिलंत का, परका होतो तेव्हा घरात घेतलंत का, तुरुंगात होतो तेव्हा भेटायला आलात का. निर्दोष असूनही तुरुंगात होतो असं तो म्हणत नाही, नुसतं तुरुंगात होतो म्हणतो. आपल्या देशात तुरुंगातल्या दर चार माणसांमागे साधारण तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून कोर्टात सिद्धच झालेला नाही. कोर्टाच्या आधी निकाल लावतो तो शेजार. आमच्या भागातल्या एका बाईचा मुलगा गेलं वर्षभर आर्थर रोडला आहे, केस चालू आहे, काय खरं काय खोटं ते कोर्ट ठरवेल. ती बाई त्याला तुरुंगात भेटायला कपडे आणि कागदपत्रं घेऊन एकटी जाते. तिच्याकडे नाताळचा फराळ घेऊन कुणी गेलं नाही.

मुंबईच्या बहुतेक पॅरिशमध्ये छोटे ख्रिस्ती समूह असतात, आम्ही एससीसी म्हणतो, गल्लीतली दहा-पंधरा घरं मिळून कुणाच्या तरी घरी जमतात, बायबल वाचतात, प्रार्थना करतात, चहा होतो. बघितलं तर ही मीटिंग नेहमी त्याच चार घरी होते, जिथे हॉल मोठा आहे आणि ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय. माझं पॅरिश कौन्सिलला आणि सगळ्या एससीसींना एवढंच मागणं आहे की या मीटिंगा अशा घरी ठेवा जिथे कुणी जात नाही. त्या परत आलेल्या मुलीच्या आईकडे, आर्थर रोडला मुलगा असलेल्या बाईकडे, दारू सोडायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाकडे. आधी त्यांना विचारून, त्यांना नको असेल तर जबरदस्ती नाही, जागा लहान असेल तर बाहेर पॅसेजमध्ये खुर्च्या टाकू. आणि जाताना नुसती प्रार्थना न नेता विचारायचं, वकिलाची फी किती आहे, मुलाची शाळेची फी भरलीय का, कुणी बरोबर यायला हवंय का. आमच्या गल्लीत पुढच्या महिन्यापासून हे करायचं मी सुचवलंय, तिघांनी हो म्हटलंय, दोघांनी 'लोकं काय म्हणतील' म्हटलंय. कुणाच्या पॅरिशमध्ये, किंवा कुणाच्या सोसायटीत, मग ती कुठल्याही धर्माची असो, असं काही आधीच चालू असेल तर त्यांनी कृपया याच पानावर लिहून कळवावं, सुरुवात कशी केली, लोकं आली का, पैशाचं कसं जमवलं. आम्हाला उपयोग होईल.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक
बोरिवली, मुंबई